औषधाचा परतीचा प्रवास

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तेरणाकाठच्या एका गावातून ७८ वर्षांच्या एका आजोबांना घरच्यांनी माझ्या दवाखान्यात आणले. अंगात सणसणून ताप होता, थंडीने दात वाजत होते आणि बोलण्यात मेळ उरला नव्हता. प्रोस्टेटच्या त्रासामुळे आठ महिन्यांपासून त्यांना लघवीची नळी होती. मी लघवीचा नमुना कल्चरसाठी पाठवला आणि त्यांना तातडीने सोलापूरला हलवण्यास सांगितले. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. त्यात प्रतिजैविकांची लांबलचक यादी होती आणि दोन नावे सोडली तर प्रत्येकापुढे ‘आर’ हे अक्षर होते. तो घ्यायला आलेल्या सुनेने विचारले, “डॉक्टरसाहेब, मामांच्या कागदावर सगळीकडं ‘आर’च का हो लिहिलंय?”

‘आर’ म्हणजे रेझिस्टंट. त्या औषधाला दाद न देणारा जिवाणू. मी तिला ते समजावून सांगितले. मग सहज विचारले, “ताई, मामांची लघवीची पिशवी रोज कुठं रिकामी करता?” ती म्हणाली, “दारातल्या नालीत. आणखी कुठं करणार?”

तिचे काही चुकले होते असे मला त्या क्षणी म्हणवेना, कारण आजोबांची जुनी फाईल माझ्यासमोर उघडी होती. आधीच्या आठ महिन्यांत तीन वेळा त्यांच्या लघवीच्या तपासणीत ‘जंतू दिसले’ म्हणून मीच तोंडी प्रतिजैविके लिहून दिली होती. तिन्ही वेळा त्यांना ताप नव्हता, वेदना नव्हती. ती औषधे आजोबांच्या शरीरातून पिशवीत, पिशवीतून नालीत आणि नालीतून पुढे गेली होती. ती पुढे कुठे जातात, तिथे काय घडते आणि त्याची किंमत शेवटी कोण मोजते, हे आपणांस सांगावे म्हणून हा लेख.

गोळी पोटात विरघळते, पण संपत नाही

आपण गोळी गिळतो, ती विरघळते, आजार बरा होतो. त्यामुळे औषध शरीरात संपून गेले असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कित्येक प्रतिजैविके शरीरात फारशी न बदलता बाहेर पडतात. अमॉक्सिसिलिनचा निम्म्याहून अधिक भाग लघवीवाटे जसाच्या तसा निघून जातो. तोंडावाटे घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनचा सुमारे ४० ते ५० टक्के भाग लघवीतून मूळ स्वरूपातच बाहेर येतो. उरलेल्यापैकी काही भाग शौचावाटे जातो.

त्याच शौचात आतड्यातील कोट्यवधी जिवाणू असतात. औषधाचा मारा सोसून जे जगले, तेही त्यात असतात. म्हणजे सांडपाण्यात एकाच वेळी दोन गोष्टी उतरतात: औषधाचा अंश आणि त्या औषधाला पुरून उरलेले जिवाणू.

आता हे जिवाणू एकमेकांना काय देतात ते पाहू. घरातले विरजण संपले की आपण शेजारी वाटी घेऊन जातो. चमचाभर विरजण मिळाले की आपल्याही भांडेभर दुधाचे दही होते. जिवाणूंमध्ये असेच देणे-घेणे चालते. औषध निकामी कसे करावे, याची माहिती त्यांच्या जनुकांत असते आणि त्या जनुकांचे छोटे वेटोळे एक जिवाणू दुसऱ्याला देऊ शकतो. देणारा आणि घेणारा एकाच जातीचे असावेत, असेही बंधन नाही. अनुकूल परिस्थितीत ई. कोलायसारखा जिवाणू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. तेव्हा एकाला मिळालेली ही विद्या दिवसभरात किती जणांकडे पोहोचत असेल, याची कल्पना आपणच करावी.

या देवाणघेवाणीला सोयीची जागा कोणती? ऊब, अन्न, दाटी आणि औषधाचा थोडा-थोडा अंश जिथे एकत्र मिळेल ती. रुग्णालयाच्या सांडपाण्यात हे सर्व एकाच ठिकाणी मिळते.

रुग्णालयाच्या नालीत काय सापडले

मुंबईतील हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मार्च २०१० मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. गंभीर संसर्गात राखून ठेवलेल्या कार्बापेनेम गटातील इंजेक्शनांना दाद न देणारे २४ जिवाणू त्यांना तीन महिन्यांत आढळले होते. त्यांपैकी २२ जिवाणूंत ‘एनडीएम-१’ हे जनुक होते. हे जनुक ज्या जिवाणूकडे असते, तो कार्बापेनेमसह बहुतेक नेहमीच्या प्रतिजैविकांना निष्प्रभ करतो.

तोवर ही गोष्ट रुग्णांच्या नमुन्यांपुरती होती. एप्रिल २०११ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या नियतकालिकात दिल्लीतील पाण्याची पाहणी प्रसिद्ध झाली. रस्त्यांवर आणि गल्ल्यांत साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये तेच जनुक सापडले. अतिदक्षता विभागातले म्हणून ओळखले जाणारे जनुक रस्त्यावर आले होते.

रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा थेट अभ्यास मुंबईत झाला. शहरातील एका रुग्णालयाच्या सांडपाण्यातील जनुकांची तपासणी करून संशोधकांनी २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या तब्बल ११२ प्रकारच्या प्रतिकार-जनुकांची त्यात नोंद आहे. जवळजवळ प्रत्येक गटातील प्रतिजैविकाला तोंड देणारे काही ना काही त्या पाण्यात होते. कार्बापेनेम निकामी करणाऱ्या जनुकांत एनडीएमचे प्रमाण सर्वाधिक होते. रुग्णालयांतील चिवट संसर्गांमुळे डॉक्टरांना परिचित असलेल्या अ‍ॅसिनेटोबॅक्टर या वंशाचा वाटा तेथील जिवाणूंमध्ये सुमारे ३० टक्क्यांपर्यंत होता. त्याहून विचार करायला लावणारी बाब म्हणजे, तोवर कोणाच्याही नोंदीत नसलेली काही नवी जनुकेही त्या पाण्यात मिळाली. आणि प्रयोगशाळेत ई. कोलाय जिवाणूत घालून पाहिली असता त्यांतील बहुतेक कार्यक्षम ठरली. रुग्णाच्या रिपोर्टमध्ये उद्या जे दिसू शकेल, ते नालीत आजच तयार होते.

औषधाचे अंश किती असतात, याचे उत्तर मध्य प्रदेशातील उज्जैनच्या एका रुग्णालयात २०१० च्या अभ्यासातून मिळाले. तेथील सांडपाण्यात सात प्रतिजैविके सापडली. सर्वाधिक होते सिप्रोफ्लॉक्सासिन, लिटरमागे सुमारे २३६ मायक्रोग्रॅम. ऐकायला ही मात्रा क्षुल्लक वाटते. पण नाजूक, दाद देणारा जिवाणू मारण्यास जेवढे सिप्रोफ्लॉक्सासिन पुरते, त्याच्या कित्येक पटींनी हे अधिक आहे. अशा पाण्यात दाद देणारे मरतात आणि दाद न देणाऱ्यांना मोकळे रान मिळते. त्या परिसरातील भूजलात मात्र संशोधकांना प्रतिजैविके आढळली नाहीत, हेही नमूद केले पाहिजे.

हा अभ्यास वाचताना मला माझेच जुने दिवस आठवले. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत हगवण असो, लघवीची जळजळ असो की कारण न कळणारा ताप, माझा हात सिप्रोफ्लॉक्सासिनकडे सहज वळत असे. स्वस्त होते, गोळीच्या रूपात होते आणि गुणही लवकर येई. रुग्णाला लवकर कामावर जायचे असे, मला माझे नाव टिकवायचे असे. आज माझ्याकडे येणाऱ्या लघवीच्या रिपोर्टांत सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे ‘आर’ दिसणे हेच नेहमीचे झाले आहे.

प्रक्रिया केंद्र काय थांबवते, काय सोडते

“पण सांडपाण्यावर प्रक्रिया होते ना?” असे आपण विचाराल. होते, आणि तिचे मोल कमी लेखू नये. शहरातील प्रक्रिया केंद्रात प्रथम जाळीने कचरा अडवतात, मग जड गाळ तळाशी बसू देतात. त्यानंतर मोठ्या टाक्यांत हवा सोडून उपयुक्त जिवाणूंकडून पाण्यातील घाण खाऊन घेतात. शेवटी गाळ वेगळा करतात आणि व्यवस्था असेल तर क्लोरीन किंवा अतिनील किरणांनी पाणी निर्जंतुक करतात. नीट चालणाऱ्या केंद्रात जिवाणूंची संख्या ९० ते ९९ टक्क्यांनी घटते.

अडचण उरलेल्या अंशाची आहे. लक्षावधी जिवाणूंतून ९९ टक्के गेले, तरी मागे हजारो राहतात. शिवाय ज्या टाक्यांत उपयुक्त जिवाणूंकडून काम करून घेतले जाते, तिथेच सर्व घरांतले आणि रुग्णालयांतले जिवाणू दाटीवाटीने एकत्र येतात. विरजणाची वाटी सर्वांत वेगाने फिरते ती इथे. वेगळा काढलेला गाळही निरुपद्रवी नसतो. पुरेसा न कुजवता तो शेतात खत म्हणून टाकला, तर त्यातील जिवाणू मातीत जातात.

आणि प्रक्रियेपर्यंत पोहोचणारे पाणी तरी किती? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ मधील अहवालानुसार देशातील शहरांत रोज सुमारे ७२ हजार दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. त्यांपैकी प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती सुमारे २० हजार दशलक्ष लिटरवर. उरलेले नाल्यांतून ओढ्यांत आणि ओढ्यांतून नद्यांत जाते.

नियमही अजून जुन्याच मोजपट्टीने मोजतात. जैववैद्यकीय कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांनुसार रुग्णालयाने आपले संसर्गजन्य द्रव इतर सांडपाण्यात मिसळण्यापूर्वी निर्जंतुक करणे बंधनकारक आहे. बाहेर सोडल्या जाणाऱ्या पाण्याची आम्लता, त्यातील तरंगते कण, तेलकटपणा, सेंद्रिय घाण या सर्वांना मर्यादा घालून दिल्या आहेत. त्या पाण्यात सोडलेल्या माशांपैकी ९० टक्के मासे ९६ तासांनंतर जिवंत असले पाहिजेत, अशीही अट आहे. अट चांगली आहे. मात्र मासा जिवंत राहिला म्हणजे पाण्यात एनडीएम नाही, असे ठरत नाही. प्रतिजैविकांचे अंश वा दाद न देणारे जिवाणू किती असावेत, याची मर्यादा त्या यादीत नाही. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी अशी मर्यादा घालणारा मसुदा केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये काढला होता. २०२१ च्या अंतिम नियमांत ती वगळली गेली.

मुठेचे पाणी आणि आपला नळ

हे सारे मुंबई-दिल्लीचे झाले, आपला दुष्काळी धाराशिव जिल्हा त्यापासून लांब आहे, असे वाटत असेल तर नकाशा डोळ्यांसमोर आणा. पुण्यातून वाहणारी मुठा मुळेला मिळते. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमेचे पाणी उजनी धरणात येते. त्याच उजनीतून जलवाहिनीने धाराशिव शहराला पिण्याचे पाणी येते. पाणी परके नसते. ते वरच्या गावाकडून खालच्या गावाकडे आलेले असते.

मुठेचा अभ्यास २०१७ मध्ये ‘वॉटर रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. संशोधकांनी शहराच्या वरच्या बाजूचा आणि शहरातील नदीपात्राचा गाळ तपासला. शहरातील गाळात प्रतिकार-जनुकांचे प्रमाण वरच्या बाजूपेक्षा ३० पट अधिक भरले. पात्राच्या गाळात एकूण १७५ प्रकारची फिरती प्रतिकार-जनुके सापडली आणि त्यांत एनडीएमही होते. प्रक्रिया न केलेले किंवा अर्धवट प्रक्रिया केलेले सांडपाणी हे याचे कारण म्हणून संशोधकांनी दाखवले.

याचा अर्थ आपल्या नळातून ते जिवाणू येतात, असा कृपया घेऊ नये. मुठेच्या पात्रातील गाळ आणि घरातील नळ यांच्यामध्ये शेकडो किलोमीटरचा प्रवाह, धरणाचा विस्तीर्ण साठा आणि जलशुद्धीकरण केंद्र आहे. आणखी एक दिलासा मी प्रत्येक रुग्णाला आवर्जून देतो. प्रतिजैविकाला दाद न देणारा जिवाणू उकळीला मात्र दाद देतो. पाणी खळखळून उकळल्यावर एक मिनिट तसेच ठेवले, की साधा आणि चिवट असे दोन्ही जिवाणू सारखेच मरतात. टीसीएल पावडर योग्य मात्रेत टाकून अर्धा तास थांबलेल्या पाण्याचेही तेच. जुने उपाय अजून निकामी झालेले नाहीत.

खरा धोका आपल्या अधिक जवळ आहे. गावातील उघडी नाली, तिच्याकडेची बोअर, सेप्टिक टँकचे नालीत सोडलेले तोंड, नाल्यावर मोटार लावून पिकवलेली मेथी-कोथिंबीर आणि पिशवी रिकामी करून न धुतलेले हात, या छोट्या वाटांनीच हे जिवाणू घरात येतात. उन्हाळ्यात ओढे आटतात तेव्हा नाल्यात वाहते ते बहुधा निव्वळ सांडपाणीच असते. त्याला पातळ करायला पाऊस नसतो.

झळ वडीलधाऱ्यांनाच अधिक का

जगभरातील आकडेवारी एकत्र करणाऱ्या एका मोठ्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसे दगावली. त्याच गटाने २०२४ मध्ये दीर्घकाळाचा हिशेब मांडला. १९९० ते २०२१ या काळात पाच वर्षांखालील बालकांचे अशा संसर्गांनी होणारे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. सत्तरी ओलांडलेल्यांचे मात्र ८० टक्क्यांहून अधिक वाढले. लसी, स्वच्छता आणि उपचार यांनी बालकांना बरेच सावरले. आजी-आजोबांच्या बाबतीत तसे घडले नाही.

कारणे समजण्याजोगी आहेत. वय वाढले की प्रतिकारशक्ती मंदावते. मधुमेहाने पायाच्या जखमा लवकर भरत नाहीत. प्रोस्टेट वाढल्याने किंवा गर्भाशय खाली आल्याने लघवी पूर्ण होत नाही. अंथरुणाला खिळलेल्यांना शय्याव्रण होतात. नळी, सलाईन, शस्त्रक्रिया, रुग्णालयातील मुक्काम या सर्वांचे प्रमाण वाढते. म्हणजे जिवाणूंना आत शिरण्याची दारे वाढतात. आणि दाद न देणारा जिवाणू आत शिरला, की उरलेली एक-दोन औषधे बहुधा शिरेतून द्यावी लागतात, महाग असतात आणि त्यांतील काही मूत्रपिंडावर ताण आणतात. वयोवृद्धांची मूत्रपिंडे आधीच थकलेली असतात.

आपणांपैकी अनेकांना ते दिवस आठवत असतील, जेव्हा पेनिसिलिनच्या सुईने मरणाच्या दारातला माणूस उठून बसे. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि ते औषध आपल्या देशातच तयार होऊ लागले. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी त्याआधीच, १९४५ च्या नोबेल व्याख्यानात, अपुऱ्या मात्रेमुळे जिवाणू या औषधाला सरावतील असा इशारा दिला होता. आपल्या पिढीने औषध मनापासून स्वीकारले, पण इशाऱ्याकडे मात्र दुर्लक्ष केले. त्या दुर्लक्षात डॉक्टर म्हणून माझाही वाटा आहे.

घरात आपण काय करावे

प्रक्रिया केंद्रे आपण उभारू शकत नाही. पण नालीकडे जाणाऱ्या वाटेचा आरंभ घरात होतो आणि तिथे पुष्कळ काही आपल्या हाती असते.

लघवीची पिशवी संडासातच रिकामी करावी आणि पुरेसे पाणी ओतावे. दारातली नाली, अंगणातला वाफा, बोअरची कड या जागा टाळाव्यात. पिशवी नेहमी कमरेखालच्या पातळीवर असावी, पण जमिनीला टेकू नये. रिकामी करण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. एकाच भांड्यात दोन रुग्णांची पिशवी रिकामी करू नये.

नळी असलेल्या रुग्णाच्या लघवीत जिवाणू दिसले म्हणून लगेच औषधाचा आग्रह धरू नये. महिनाभर नळी राहिली की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जिवाणू सापडतात. ताप, थंडी, ओटीपोटात वा कमरेत वेदना असे काही नसेल, तर सहसा प्रतिजैविकाची गरज नसते. ताप आला, थंडी वाजली किंवा माणूस एकाएकी गोंधळल्यासारखे बोलू लागला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. नळीची गरज अजून आहे का, हा प्रश्न प्रत्येक भेटीत विचारावा. नळी जितकी लवकर निघेल तितके बरे.

प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी ‘कल्चर करायचे का?’ असे डॉक्टरांना जरूर विचारावे. असे विचारल्याने कोणत्याही समंजस डॉक्टरला राग येणार नाही. जुने कल्चर रिपोर्ट एका पिशवीत जपून ठेवावेत आणि प्रत्येक वेळी सोबत न्यावेत.

सर्दी, साधा खोकला, घसा खवखवणे यांचे कारण बहुधा विषाणू असतात आणि त्यांच्यावर प्रतिजैविकांचा काही परिणाम होत नाही. ज्या पाकिटावर लाल उभी रेघ आहे, ते औषध चिठ्ठीविना घ्यायचे नसते. मेडिकलवाल्याने दिले तरी घेऊ नये. सांगितलेली मात्रा सांगितलेले दिवसच घ्यावी. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये आणि उरलेली पाने शेजाऱ्याला देऊ नयेत.

उरलेली वा मुदत संपलेली प्रतिजैविके संडासात, मोरीत किंवा नालीत टाकू नयेत आणि जाळूही नयेत. घरातील औषधे हा नियमांनुसार घातक घरगुती कचरा आहे. तो वेगळ्या पिशवीत बांधून घंटागाडीवाल्याच्या हाती तसे सांगून द्यावा किंवा आपल्या मेडिकल दुकानदाराला, रुग्णालयाला तो स्वीकारता येईल का, असे विचारावे. केरळ सरकारने २०२५ मध्ये घराघरांतून न वापरलेली औषधे गोळा करण्याचा उपक्रम सुरू केला. आपल्या नगरपालिकेकडेही तशी मागणी करता येईल. वापरलेले डायपर कागदात गुंडाळून, खूण करून कचऱ्यात द्यावेत. नाल्यात फेकू नयेत.

सेप्टिक टँकचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे आणि शोषखड्डा बोअरपासून किमान ५० फूट दूर असावा. आपल्याकडच्या काळ्या कातळाला भेगा असतात. त्यामुळे अंतर जितके अधिक तितके उत्तम. नाल्याच्या पाण्यावरची भाजी शक्यतो घेऊ नये. जी घ्याल ती वाहत्या पाण्यात नीट धुऊन, शिजवून खावी. घरात आजारी वा वृद्ध माणूस असेल तर पिण्याचे पाणी उकळलेले असावे.

शेवटी, संसर्ग झालाच नाही तर औषधाचीही वेळ येत नाही. साठीनंतर फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. मधुमेह आटोक्यात ठेवावा, पाय रोज पाहावेत, अंथरुणावरील माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी.

पुन्हा त्या नालीपाशी

ते आजोबा दोन आठवडे सोलापूरला होते. ‘आर’ नसलेल्या दोन औषधांपैकी एकाने गुण आला आणि ते घरी परतले. त्या वर्षीच्या सोयाबीनचे पैसे इंजेक्शनांत गेले. आजोबा आता काठी टेकत ओसरीपर्यंत येतात. पारावर जाऊन बसणे मात्र राहूनच गेले आहे.

मागच्या महिन्यात सून नळीचे विचारायला आली होती. तिने पिशवीसाठी वेगळे झाकणाचे भांडे ठेवले आहे, संडासाच्या दारात साबण टांगला आहे आणि घरापुढची नाली ग्रामपंचायतीने झाकावी म्हणून तीन घरांच्या सह्या गोळा केल्या आहेत. जाता जाता तिने आजोबांचा ताजा रिपोर्ट टेबलावर ठेवला. लघवीत जिवाणू होते. आजोबांना ताप नव्हता, दुखणे नव्हते, जेवण नीट होते.

“मग काय औषध देता?” तिने विचारले.

मी रिपोर्टाची घडी घालून तिच्या हाती दिली. म्हणालो, “आज काही नाही. पाणी भरपूर पाजा, आणि ताप आला तर त्याच दिवशी या.”

त्या दिवशी माझ्या दवाखान्यातून निदान एक औषध नालीच्या वाटेला लागले नाही.